गौरीच्या पानातला कुळाचार

गौरी-गणपतीच्या नैवेद्याचे पान घरागणिक वेगळे असते. त्यामागे मूळ गाव, ऋतू आणि पिढ्यान्‌पिढ्या स्वयंपाकघर सांभाळणाऱ्या स्त्रियांचा अनुभव असतो. हे ज्ञान क्वचितच लिहून ठेवलेले आढळते. लहान होत चाललेल्या कुटुंबांत ते पुढच्या पिढीकडे जायचे कसे, हा आजचा खरा प्रश्न आहे.

भाद्रपदात गौरी-गणपतीच्या दिवसांत एकाच इमारतीतल्या तीन घरी जेवायचा योग आला, तर तीन वेगळी पाने पाहायला मिळतात. एका घरी उकडीचे मोदक असतात, तर दुसऱ्या घरी तळणीचे. एकीकडे गौरीपुढे पुरणपोळी आणि सोळा भाज्या, दुसरीकडे घावन-घाटले आणि तिसरीकडे चक्क कोंबडी-वडे! नव्याने घरात आलेल्या सुनेने ‘असे का?’ म्हणून विचारले, की बहुतेक घरांत एकच उत्तर मिळते, ‘आमच्याकडे असेच करतात.’

हे उत्तर वरवर तोडके वाटते. पण त्यात बरेच काही सामावलेले असते. घर मूळचे कुठले, तिथल्या शेतात आणि परसात काय पिकत होते, त्या घरी कुठकुठल्या सुना आल्या आणि त्यांनी माहेराहून काय आणले, याचा सारा हिशेब सणाच्या पानात उतरलेला असतो. यालाच कुळाचार म्हणतात. तो पोथीत सापडत नाही. तो सासूकडून सुनेकडे आणि आईकडून लेकीकडे जातो, आणि तोही बहुधा प्रश्नोत्तरांतून नव्हे, तर शेजारी उभे राहून पाहिल्याने.

तीन दिवसांचा पाहुणचार

गौरींचे आवाहन अनुराधा नक्षत्रावर, पूजन ज्येष्ठा नक्षत्रावर आणि विसर्जन मूळ नक्षत्रावर होते. या तीन दिवसांचे नैवेद्य एकापाठोपाठ मांडून पाहिले, की त्यांतला एक साधा क्रम लक्षात येतो. लोकपरंपरेत गौर ही माहेरवाशीण आहे. ती तीन दिवसांसाठी घरी येते आणि तिचे जेवणही माहेरी आलेल्या लेकीसारखेच असते.

पहिल्या दिवशी अनेक घरांत भाजी-भाकरीचा नैवेद्य असतो. भाजी मेथीची, शेपूची किंवा दारात सहज मिळेल त्या पाल्याची. लेक प्रवासाने थकून आलेली आहे, तिला आल्या आल्या पंचपक्वान्न नको, घरचे साधे दोन घास हवेत, असा त्याचा अर्थ घरोघरी सांगतात. दुसरा दिवस मेजवानीचा. पुरणपोळी, कटाची आमटी, भाज्या, कोशिंबिरी, वडे, भजी, पंचामृत, खीर असे पान भरून जाते. तिसऱ्या दिवशी निरोपाचे जेवण. कुठे दहीभात, कुठे खीर-कानवले. कानवल्याच्या कडेला मुरड घालायची, म्हणजे लेक पुढच्या वर्षी मुरडून परत येते, अशी त्यामागची भावना आहे.

माहेरवाशिणीचा हा धागा धरला, की ज्यांना गौरीचा सामिष नैवेद्य चमत्कारिक वाटतो त्यांच्या शंकेचेही उत्तर मिळते. कोकणात आणि कोकणातून मुंबईत आलेल्या अनेक कुटुंबांत गौरीला तिखटाचा नैवेद्य दाखवतात. मटण, कोंबडी, मासे, चिंबोऱ्या यांपैकी त्या घरात जे आवडीने रांधले जाते ते तिच्या पानात येते. गणपती मात्र शाकाहारी. म्हणून नैवेद्याच्या वेळी दोघांमध्ये पडदा धरण्याची रीत अनेक घरांत आहे. लेक घरी आली, की तिच्या आवडीचे करायचे, हा नियम इथेही तोच आहे. घर बदलले, म्हणून आवड बदलली, इतकेच.

पानातला भूगोल

मोदकाचेच उदाहरण घेता येईल. उकडीच्या मोदकाला तांदळाची पिठी, ओला नारळ आणि गूळ लागतो. भात आणि माड या दोन्ही गोष्टी किनारपट्टीच्या. घाटावर गहू पिकतो आणि नारळ पोहोचतो तो बहुधा सुक्या खोबऱ्याच्या रूपात. त्यामुळे कणकेची किंवा रवा-मैद्याची पारी आणि खोबरे-खसखशीचे सारण असलेला तळणीचा मोदक तिथे रूढ झाला. तो चार दिवस टिकतो, उकडीचा दुसऱ्या दिवशी कडक होतो. देव एकच, मोदकांची संख्याही बहुतेक ठिकाणी एकवीसच. पण पारी ठरवली ती जमिनीने आणि पावसाने.

विदर्भ-मराठवाड्यात गौरींना महालक्ष्मी म्हणतात. तिथल्या अनेक घरी पुरणाइतकाच मान ज्वारीच्या आंबिलीला असतो. एरवी गरिबाघरची, शेतावर न्यायची म्हणून ओळखली जाणारी आंबील या दिवशी देवीच्या पानात बसते, कारण त्या मुलखाचे मुख्य धान्य ज्वारी आहे. महालक्ष्मींच्या डोक्यावर फुलोरा टांगतात. त्यात करंज्या आणि वेणी-फणीच्या आकाराचे तळलेले पदार्थ असतात. माहेरवाशिणीच्या साजशृंगाराच्या वस्तूच तिथे पिठाच्या होऊन येतात.

दक्षिण कोकणात आणि गोव्यात हळदीच्या पानात वाफवलेल्या पातोळ्या करतात. हळदीची पाने श्रावण-भाद्रपदातच मोठी आणि सुवासिक होतात. त्यामुळे हा पदार्थ पंचांग न पाहताही त्याच दिवसांत व्हायचा. गोव्यातल्या चवथीला खतखते हवेच. त्यात कंद आणि भाज्या असतात, नारळाचे वाटण असते आणि तिरफळांचा वास असतो. तिथे गणपतीच्या वर लाकडी चौकटीला माटोळी बांधतात. तीत रानातली आणि बागेतली फळे, कंद, पाने टांगलेली असतात. पावसाळ्याने जे जे दिले त्याची ती जणू यादीच. मुलांना रानफळांची नावे शिकवायला याहून चांगले साधन सापडणे कठीण.

सोळा भाज्यांची प्रथाही याच महिन्याला शोभते. पडवळ, दोडका, दुधी, भेंडी, गवार, काकडी, अळू, माठ, सुरण यांची नुसती नावे घेतली, तरी भाद्रपदातला बाजार डोळ्यांपुढे येतो. चैत्रात सोळा भाज्या गोळा करणे जुन्या काळी अवघड गेले असते. भाद्रपदात त्या परसातच असत.

नियम जुना, जिन्नस नवे

गौरींच्या आधी, गणेश चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी, ऋषिपंचमी येते. त्या दिवशी बैलाच्या कष्टाचे काही खायचे नाही, असा दंडक आहे. म्हणून नांगरलेल्या शेतातले धान्य वर्ज्य. परसात हाताने लावलेल्या किंवा आपोआप उगवलेल्या भाज्या एकत्र शिजवून ऋषीची भाजी करतात. तिला मसाला नाही, फोडणी नाही किंवा अगदी नाममात्र. या व्रताचे पोथीतले कारण स्त्रियांच्या विटाळाच्या कल्पनेशी जोडलेले आहे. ते कारण आज अनेक घरांनी मनातून काढून टाकले आहे. पण भाजी ठेवली आहे. वर्षातून एक दिवस नांगराशिवाय पिकलेले खावे आणि बैलाला आपल्या ताटातून सुट्टी द्यावी, हा तिच्यातला दुसरा अर्थ लोकांना अधिक जवळचा वाटतो.

आता या ‘ऋषींच्या’ भाजीत काय असते, ते पाहण्यासारखे आहे. त्यात मक्याची कणसे असतात आणि लाल भोपळा असतो. ही दोन्ही पिके मूळची अमेरिका खंडातली. कोलंबसाच्या १४९२ मधील सफरीनंतर ती जगभर पसरली आणि युरोपीय व्यापाऱ्यांच्या मार्फत भारतात पोहोचली. मिरची, बटाटा, टोमॅटो आणि भुईमूग यांचे मूळही तिकडचेच. उपवासाचा साबुदाणा कसावा या दक्षिण अमेरिकेतल्या कंदापासून करतात. सोळा भाज्यांत हल्ली सहज जाऊन बसणारे कोबी आणि फ्लॉवर युरोपातून आले. म्हणजे नैवेद्याच्या पानात उजवीकडे वाढलेली बटाट्याची भाजी, अळूच्या फदफद्यातले शेंगदाणे आणि कटाच्या आमटीतली लाल मिरची हे सारे पाहुणे आहेत आणि आता घरचे झाले आहेत.

यातून परंपरा खोटी ठरत नाही. ती चालते कशी, ते कळते. नियम टिकतो आणि जिन्नस बदलतात. ‘जे नांगराशिवाय उगवले ते’ हा नियम होता. मका परसात आला, तेव्हा त्या नियमाने त्याला आत घेतले. ‘सोळा’ हा नियम होता. कोणत्या सोळा, ते बाजाराने आणि ऋतूने ठरवले. म्हणून ‘पूर्वापार हेच चालत आले आहे’ असे म्हणून सुनेच्या माहेरची एखादी कोशिंबीर पानाबाहेर ठेवणाऱ्या घरांनी आपल्याच पानाकडे जरा नीट पाहावे. त्यातले बरेच काही कधीतरी कुणीतरी नव्याने आणलेले असते.

न चाखता केलेला स्वयंपाक

मग नियम आणि जिन्नस कागदावर उतरवले, की काम झाले का? तसे होत नाही, आणि त्याचे कारण नैवेद्याच्या स्वयंपाकातच आहे. देवापुढे ठेवण्याआधी तो चाखायचा नाही, असा अनेक घरांचा कडक नियम असतो. रोजच्या स्वयंपाकात जीभ चुका दुरुस्त करते. आमटी अळणी लागली, तर मीठ वाढवता येते. सणाच्या दिवशी ती सोय नाही. त्या दिवशी वीस माणसांच्या आमटीचे मीठ हाताने, नाकाने आणि डोळ्यांनीच ठरवायचे असते. घरातली जाणती बाई हे बिनचूक करते, तेव्हा त्यामागे पन्नास वर्षांची सवय असते.

पुरणाचेच पाहा. हरभऱ्याची डाळ आणि गूळ बहुतेक घरांत समसमान वजनाने घेतात. एवढे प्रमाण कुणालाही सांगता येते. पण डाळ बोटचेपी शिजली पाहिजे, तिचा कट पूर्ण निथळला पाहिजे, आणि गूळ घातल्यावर सैल झालेले पुरण पुन्हा आटवून उलथने त्यात उभे राहील इतके घट्ट झाले पाहिजे. ते गरम असतानाच पुरणयंत्रातून काढावे लागते, निवले की हात भरून येतात. पाणी राहिले, तर पोळी लाटताना फुटते. निथळलेला कट फेकायचा नाही. त्याचीच गोडा मसाला, चिंच आणि गूळ घालून आमटी होते. गोड पोळी आणि तिखट आमटी ही जोडी एकाच डाळीतून निघते. यात चव आहे आणि काटकसरही.

उकडीचेही तसेच. तांदळाच्या पिठात गव्हासारखे ग्लुटेन नसते, म्हणून ते नुसत्या पाण्यात मळून मुरडता येत नाही. उकळत्या पाण्यात पिठी घालून झाकण ठेवले, की वाफेने तिच्यातला स्टार्च पाणी पिऊन फुगतो आणि तिला चिकटपणा येतो. साधारण जितकी पिठी तितकेच पाणी, हे मोजमाप सर्वत्र सांगतात. पण तांदूळ नवा की जुना, आंबेमोहोर की दुसरा, पिठी ताजी की महिन्याभराची, यावर घोटभर पाणी कमीजास्त होते. तो घोट पुस्तकात नसतो. तो परातीत मळणाऱ्या हाताला कळतो.

मराठीत पाककृतींची पुस्तके काही कमी नाहीत. रामचंद्र सखाराम गुप्ते यांचे ‘सूपशास्त्र’ १८७५ मध्ये छापले गेले. लक्ष्मीबाई धुरंधर यांचे ‘गृहिणीमित्र अथवा एक हजार पाकक्रिया’ १९१० मध्ये आले. कमलाबाई ओगले यांच्या ‘रुचिरा’ने १९७० पासून वाटी-चमच्याच्या मापाने हजारो नवख्या गृहिणींना धीर दिला. माहेरापासून दूर संसार मांडलेल्या मुलींसाठी ही पुस्तके म्हणजे आईच्या जागी होती. पण पुस्तक पदार्थ शिकवते. ‘आपल्या घरी’ तो कोणत्या दिवशी, कितव्या क्रमाने, कोणत्या भांड्यात आणि कशाबरोबर होतो, ते सांगू शकत नाही.

ही उणीव २०२० च्या ऑगस्टमध्ये अनेकांना जाणवली. करोनाच्या निर्बंधांमुळे त्या वर्षी मूळ घरी जाणे कित्येक कुटुंबांना शक्य झाले नाही. दरवर्षी गावच्या घरी आयत्या पानावर बसणाऱ्या मंडळींना शहरातल्या सदनिकेत गणपतीचा स्वयंपाक स्वतः करावा लागला. फोन कानाशी धरून उकड काढताना, ‘पाणी किती?’ या प्रश्नाला पलीकडून ‘लागेल तेवढे’ असे उत्तर येते, तेव्हा काय होते, हे ज्यांनी अनुभवले तेच जाणोत.

सोळा भाज्या चिरायच्या कोणी?

कुळाचाराविषयी बोलताना एक गोष्ट बाजूला ठेवून चालत नाही. हा सारा डोलारा घरातल्या स्त्रियांच्या श्रमांवर उभा होता आणि बऱ्याच अंशी आजही आहे. एकत्र कुटुंबात चार जावा, दोन नणंदा आणि एखादी आत्या अशा सातआठ जणी मिळून जे करीत, ते आता नोकरी सांभाळणाऱ्या एकटीने रजा काढून करावे, अशी अपेक्षा असते. पहाटे चारला उठायचे, दुपारी दोनला पंगत उठेपर्यंत वाढायचे आणि मग निवलेल्या अन्नाचे चार घास खायचे. देवघरात माहेरवाशिणीचे कौतुक चालू असते आणि त्याच वेळी घरातली लेक-सून चुलीपुढून हललेली नसते. ही विसंगती पूर्वीच्या स्त्रियांना दिसत नव्हती, असे मुळीच नाही. त्यांना बोलायची सोय नव्हती.

सोवळ्याओवळ्याच्या नियमांनी तर अनेकींना स्वयंपाकघराच्या बाहेरच ठेवले. मासिक पाळी, वैधव्य, जात यांची कारणे पुढे करून कुणी हात लावायचा आणि कुणी नाही, हे ठरत असे. असे नियम गळून पडले, तर कुळाचाराचे काही बिघडत नाही. उलट हात वाढतात.

अनेक कुटुंबांनी यातून आपापले मार्ग काढले आहेत. सोळा भाज्या थोड्या थोड्या घेऊन त्यांची एकच मिश्र भाजी करायची, म्हणजे संख्या राखली जाते आणि वेळ वाचतो. पुरणपोळ्या घरगुती व्यवसाय करणाऱ्या बाईंकडून आणायच्या, पण आमटी घरी करायची. भावंडांनी पदार्थ वाटून घ्यायचे आणि ज्याच्या घरी गौरी असतील तिथे ते डब्यांतून न्यायचे. परदेशातल्या मराठी घरांत गोठवलेल्या ओल्या खोबऱ्याचे सारण होते आणि हळदीचे पान न मिळाल्यास केळीच्या पानावर भागते. काही घरांत मोदकाच्या पाऱ्या आता मुलगे आणि जावई वळतात. पहिल्या वर्षी त्या जाड होतात, कळ्या धड उठत नाहीत. तिसऱ्या वर्षी जमू लागतात. सासूबाईंच्या पहिल्या मोदकांचेही तसेच झाले असणार, फक्त ते आठवणारे आता कोणी नसते.

वहीत काय लिहावे

ज्या घरात जुने जाणते माणूस अजून स्वयंपाकघरात उभे राहते, त्या घराने या वर्षीच काही गोष्टी टिपून ठेवाव्यात. केवळ पाककृती लिहून पुरत नाही.

सर्वांत आधी मापाचे भांडे मोजावे. आजीची ‘वाटी’ दुकानात मिळणाऱ्या मापाची नसते. त्या वाटीत किती पाणी मावते, ते एकदा मोजून लिहिले, की तिची सगळी प्रमाणे कायमची उलगडतात. ‘मूठ’ म्हणजे किती, हेही तिच्याच मुठीने तराजूवर टाकून पाहावे.

दुसरे म्हणजे पानाचे चित्र काढावे. मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर डावीकडे. भाज्या, आमटी उजवीकडे. मध्ये भात आणि वरणावर तूप, ही सर्वसाधारण मांडणी झाली. आपल्या घरचे विशेष त्यात कुठे येतात, ते नोंदवावे. तिसरे, कामांचा क्रम लिहावा. डाळ कधी भिजवायची, नारळ कधी खवायचा, पुरण आदल्या रात्री की सकाळी, चूल कशासाठी आधी मोकळी ठेवायची. सणाचा स्वयंपाक कोलमडतो तो पदार्थ येत नाही म्हणून क्वचितच. बहुतेकदा क्रम चुकतो. चौथे, चुका लिहाव्यात. पुरण पातळ झाले, तर काय करायचे, उकड चिरली, तर काय, मोदक वाफेवर फुटले, तर काय. जाणत्या माणसाचे खरे ज्ञान या उपायांत असते आणि विचारल्याशिवाय ते बाहेर येत नाही.

आणि शेवटी, ‘असे का?’ या प्रश्नाचे मिळेल ते उत्तर लिहावे. ‘माझ्या सासूबाई करायच्या’ एवढेच मिळाले, तरी ते पुरेसे आहे. त्या सासूबाई कुठल्या गावच्या होत्या, हा पुढचा प्रश्न विचारता येतो. घावन-घाटल्याचा धागा तिथून एखाद्या खाडीकाठच्या घरापर्यंत जातो, आंबिलीचा एखाद्या काळ्या रानापर्यंत.

ही वही उघडायला सर्वांत चांगला दिवस विसर्जनाचा. कानवले झालेले असतात, मोठी पातेली अजून माळ्यावर गेलेली नसतात आणि काय कमी पडले, काय उरले, ते सर्वांना आठवत असते. त्या दुपारी घरातल्या मोठ्या बाईंना पाटावर बसवून आधी जेवायला वाढावे. लिहिणाऱ्याने वही-पेन घेऊन शेजारी बसावे.